आमच्या पत्र्यावरचे दगड

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पत्ता सांगताना घर नंबर सांगणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. इथं पत्ता म्हणजे तालीम, चौक, बोळ आणि पत्र्यावर काय ठेवलंय ते. ‘उभ्या मारुतीपासनं आत या, डाव्या हाताच्या बोळात चौथं घर, पत्र्यावर जात्याची तळी आणि स्कूटरचे दोन टायर हैत, तेच,’ एवढं सांगितलं की गॅस सिलिंडरवाल्यापासून लग्नपत्रिका वाटणाऱ्यापर्यंत सगळे बिनचूक पोचतात. गेल्या वैशाखात वळवाच्या पहिल्याच दणक्यात आमचा पत्ता उडून गेला.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. दिवसभर भट्टीसारखं तापलेलं आभाळ एकदम काळंठिक्कर झालं. आधी धूळ आली, मग कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कुरडया आल्या, मग पाऊस आला. पाठोपाठ माडीवरच्या पत्र्याचा एक कोपरा उचलला गेला, त्यानं दोनदा टाळी वाजवल्यासारखा आवाज केला आणि बारा फुटी पत्रा बोळात जाऊन समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला. पाच मिनिटांपूर्वी तिथं पोरं क्रिकेट खेळत होती. पावसाचा पहिला थेंब पडताच आयांनी त्यांना बखोट धरून आत ओढलं होतं, म्हणून हा लेख विनोदी होऊ शकला.

पत्र्यावरची जात्याची तळी मात्र पत्र्याबरोबर गेली नाही. ती मागच्या अंगाला घरंगळली, मोरीवरच्या सिमेंटच्या पत्र्याला आरपार भोक पाडून खाली आली आणि तांब्याच्या हंड्यात बसली. आबा, म्हणजे माझे वडील, नुकतेच हातपाय धुऊन तिथून बाहेर पडले होते. घरभर सन्नाटा. आबांनी हंड्यात डोकावून बघितलं, मग वरच्या भोकातून दिसणाऱ्या आभाळाकडे बघितलं आणि निकाल दिला, “बघा. दगुड जाग्याव हुता. पत्राच गेला.”

आबांचा दगडावर फार विश्वास. आमच्या पत्र्यावर एकूण सात दगड होते आणि प्रत्येकाला इतिहास होता. एक वाड्याच्या जुन्या जोत्याचा, एक रंकाळ्याच्या वाटेवर सापडलेला, एक आबांच्या लग्नाच्या वर्षी चढवलेला. शिवाय जात्याची तळी, टायर, फुटका पाटा आणि तुळशीवृंदावनाचा अर्धा कठडा. सुनेनं माहेरहून काय आणलं याची यादी आमच्या घरात कुणाला आठवत नाही, पण पत्र्यावर कोणत्या साली काय चढलं ते आबा झोपेत सांगतात.

पत्रा उडाल्याची बातमी तालमीच्या कट्ट्यावर पोचायला पाऊस थांबण्याचीही गरज पडली नाही. अर्ध्या तासात बोळात तज्ज्ञांची बैठक बसली. आमच्या पेठेत पत्र्याच्या बाबतीत तीन पंथ आहेत. पहिला दगडपंथ, त्याचे आमच्या बोळातले पीठाधीश आबा. दुसरा डांबरपंथ. गळतंय तिथं डांबर थापा, पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा थापा. शेजारचे अण्णा या पंथाचे. त्यांच्या पत्र्यावर आता पत्रा कमी आणि डांबर जास्त आहे. मे महिन्यात ते पाघळतं आणि पेठेतली मांजरं त्यांच्या घरावरून पाय झाडत जातात. तिसरा ताडपत्रीपंथ. यांचं म्हणणं, कशाला त्या भानगडीत पडता, निवडणूक झाली की फ्लेक्स फुकट मिळतो, तो अंथरायचा. या पंथाच्या घरात रात्री झोपल्यावर वर बघितलं की फटीतून हात जोडलेला उमेदवार दिसतो.

तिन्ही पंथांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं: मिस्त्री कशाला पाहिजे? “त्यात काय हाय? चढायचं आन् ठोकायचं. विषयच हार्ड करायचा न्हाई,” असं म्हणत कट्ट्यावरचा एक तरुण स्लीपरसकट पन्हळीला लोंबकळलासुद्धा. पन्हळ त्याच्यासकट खाली आली. उंची फार नव्हती, त्यामुळे त्याला लागलं कमी आणि लाजच जास्त वाटली. आमच्या खर्चात मात्र पन्हळीची भर पडली.

माझ्या कन्येनं त्याच रात्री दगडपंथाचा पाया खणून काढला. ती बारावी सायन्सला. तिच्या वहीतलं गणित असं: ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण ४७ किलो वजनाएवढा भरतो. आणि वारा पत्र्याला वरून दाबत नाही, उचलतो. छपरावरून वेगानं गेला की वरचा दाब कमी होतो, खिडक्यांतून आत घुसलेली हवा खालून ढकलते. कडेला आणि कोपऱ्याला हे ओढणं सगळ्यात जास्त. आपला बारा फुटी, साडेतीन फूट रुंद पत्रा म्हणजे जवळपास चार चौरस मीटर. म्हणजे वर ओढणारा जोर झाला १८० किलोंच्या घरात. पत्र्याचं स्वतःचं वजन सतरा-अठरा किलो.

“म्हणजे आबा, नव्वद-नव्वद किलोचे दोन पैलवान पत्रा वर ओढतायत आणि तुम्ही त्यांच्याविरुद्ध वीस किलोचा दगड लावताय,” ती म्हणाली.

पैलवानाचा दाखला आल्यावर आबा गप्प झाले. खासबागेचं मैदान १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलं, तेव्हापासून आमच्या घराण्यातल्या प्रत्येक पिढीनं तिथं कुस्त्या बघितल्यात. दोन पैलवान विरुद्ध वीस किलोचा दगड ही जोड लागत नाही एवढं त्यांना कळतं. तरी झोपताना म्हणाले, “मग दगुड वाढवायचं.”

कन्या म्हणाली, “वाढवा. मग ते मोरीत पडायच्या ऐवजी देवघरात पडतील.”

मिस्त्री बोलवायचं ठरलं. शिवाजी उद्यमनगरात माझ्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीनं एक फॅब्रिकेशनवाले मिळाले. साठीचे, किडकिडीत, बोलणं मोजकं. सगळं जुळलं आणि मग आबांनी विचारलं, “ऱ्हायला कुठं?”

“मंगळवार पेठंत,” मिस्त्री म्हणाले.

घरात जी शांतता पसरली ती बाहेरगावच्या माणसाला समजणार नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला शिवाजी पेठेचा आणि मंगळवार पेठेचा संघ समोरासमोर आले की आमच्याकडे त्या दिवशी भाकरीसुद्धा दोन्ही बाजूंनी नीट भाजली जात नाही. आबांनी मला आतल्या खोलीत नेलं. “मंगळवार पेठंचा माणूस आपल्या डोक्याव चढवायचा?”

“आबा, त्याशिवाय पत्रा बसणार कसा?”

मिस्त्रींनी कामाला हात घालण्याआधी सगळं घर खालून, मान वर करून बघितलं. मला जाणवलं की याच घरात जन्मून पन्नाशी गाठली, पण मी असा वर कधी बघितलाच नव्हता. छप्पर असतं तोवर दिसत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांच्या काळातल्या त्या वास्तूचं छप्पर गेलं तेव्हा कोल्हापूरकरांच्या पोटात कालवलं. तिथं हजारो प्रयोग बघितलेल्या आमच्यापैकी कितीजणांनी त्या छपराकडे एकदा तरी नजर टाकली असेल? आम्ही रंगमंचाकडे बघत होतो. ते बरोबरच होतं म्हणा. छपराकडे बघावं लागणं हेच मुळात वाईट लक्षण.

मिस्त्रींनी वासे टोकरून बघितले. आढं ठणठणीत, वाशांपैकी चार वाळवीचे. “ह्येच्यावर नवा पत्रा म्हंजे मोडक्या खाटंवर नवी गादी,” ते म्हणाले. लोखंडी पाईपचा नवा सांगाडा ठरला. मग जुने जे-हुक दाखवले. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा वाकवलेला गज, पत्र्याच्या उंचवट्यातून वर काढून डांबरी वायसर आणि नट लावलेला. आमच्या अर्ध्या हुकांचे वायसर वाळून बिस्किटासारखे झाले होते आणि उरलेल्या अर्ध्या हुकांना नटच नव्हते. म्हणजे गेली कित्येक वर्षं आमचा पत्रा केवळ सवयीनं जाग्यावर होता.

पत्रा ही चीज मोठी बुद्धीची आहे, हे मला त्या चार दिवसांत कळलं. १८२९ साली लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरनं लोखंडी पत्र्याला नळ्या पाडायची युक्ती काढली आणि तिचं पेटंट घेतलं. सपाट कागद हातात धरला तर मान टाकतो, त्यालाच पंख्यासारख्या चुण्या घातल्या की ताठ राहतो, तेच हे. पुढं १८३७ मध्ये फ्रान्सच्या सोरेलनं लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवायचं पेटंट घेतलं. जस्त हे घरातल्या थोरल्या भावासारखं. ओरखडा पडला, हवापाणी लागलं तर आधी स्वतः झिजतं, धाकट्या लोखंडाला गंजू देत नाही. ते संपलं की मग लोखंडाचा नंबर. वर्गात मी ‘त्याग’ या विषयावर दरवर्षी निबंध घालतो. पुढच्या वर्षी मुद्द्यांत जस्त घालणार आहे.

कामाला मुहूर्त लागला तो मिस्त्रींच्या घड्याळानं: सकाळी साडेसहा. गंगावेशीत म्हशीच्या धारेखालचं दूध पिऊन ते हजर. “अकराच्या पुढं पत्र्याव हात ठेवला तर चामडं निघतंय, आन् चारच्या पुढं वारा उठतोय. मधी जेवायचं, हिशेब करायचा.” दोन पोरं बरोबर होती. त्यांच्या पिशवीतून आधी ड्रिल मशीन निघालं नाही. आधी निघाले जाड हातमोजे, हेल्मेटं, रबरी तळव्याचे बूट आणि पट्ट्यांचा एक गुंता. तो गुंता मिस्त्रींनी पायात घातला, खांद्यावरून घेतला, छातीवर आवळला आणि मागच्या कडीला दोर अडकवला. कंबरेला नुसता पट्टा बांधून पडलं तर कंबरडं मोडतं, म्हणून हे सगळं अंग धरणारं खोगीर, असं त्यांचं स्पष्टीकरण.

तोवर कट्टा जागा झाला होता. शिवाजी पेठेत सकाळी साडेसहाला फक्त दोन प्रकारची माणसं उठलेली असतात: तालमीतली आणि दुसऱ्याच्या घरी काय चाललंय ते बघायला आलेली. दुसरी जास्त होती. मिस्त्रींच्या पाठीवरचा दोर बघून पहिली आरोळी आली, “काय मामा, मंगळवार पेठेत दोर बांधून चढत्यात व्हय?”

हशा. दुसरा म्हणाला, “आमच्यात पोरं शेंबडी असताना चढत्यात ह्येच्याव.” हे खरं होतं. आमच्या पेठेतला प्रत्येक इसम लहानपणी चेंडू काढायला, पतंग काढायला किंवा कबुतरामागं पत्र्यावर चढलेला आहे. जे पडले ते कट्ट्यावर बसून गोष्टी सांगत नाहीत, म्हणून न पडलेल्यांच्याच गोष्टी उरतात.

मिस्त्रींनी सावकाश दोराची गाठ तपासली. मग आरोळी देणाऱ्याला विचारलं, “तालमीत जातोस?”

“जातो की. रोज.”

“आखाड्यात उतरताना लंगोट बांधतोस का न्हाई?”

“बांधतो.”

“का? भ्या वाटतं म्हून?”

कट्टा एकदम गार. पैलवानाचा लंगोट ही काही भित्रेपणाची खूण नव्हे. लंगोट न बांधता उतरणाऱ्याला वस्ताद आखाड्याबाहेर काढतो. “आखाड्यात लंगोट, पत्र्याव दोर,” एवढं बोलून मिस्त्री शिडीकडे वळले. आबा दारात उभे होते. त्यांनी काही न बोलता मान हलवली. मंगळवार पेठेला आमच्या दारात मिळालेला हा पहिला गोल.

दोर बांधायचा कशाला, यावरही सल्ल्यांचा पाऊस पडला. अण्णा म्हणाले, टाकीच्या पाईपला बांधा. तो पाईप प्लॅस्टिकचा. एकानं डिश अँटेनाला बांधायचा सल्ला दिला. म्हणजे मिस्त्री पडले तर त्यांच्याबरोबर मालिकाही पडणार. मिस्त्रींनी दोर शेवटी जुन्या तुळईला वेढा देऊन बांधला आणि आधी स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून बघितला. शिडीचंही तसंच. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, आणि शिडीचं वरचं टोक छपराच्या कडेच्या तीन फूट वर, म्हणजे चढता-उतरताना धरायला हात लागेल. बोळातून शेजाऱ्यांच्या घरात गेलेली विजेची वायर डोक्यावर लोंबत होती. बारा फुटी पत्रा उभा करून नेताना तिला लागला तर दोरही वाचवणार नाही, म्हणून वीजवाल्यांना बोलावून तेवढ्या वेळेपुरती ती बंद करून घेतली. त्या दोन तासांत बोळातले सगळे पंखे बंद, त्यामुळे उरलेसुरले लोकही बाहेर आले.

खाली कुणी उभं राहू नये म्हणून बोळाला दोरी बांधली. दोरी दिसली की खालून वाकून जायचं, ही पेठेची जुनी सवय. तीन माणसं आणि एक म्हैस गेल्यावर मिस्त्रींनी आमच्या आत्तींना तिथं खुर्ची टाकून दिली. आत्तींचा आवाज असा, की त्यानंतर बोळातून वारासुद्धा विचारून गेला.

आत्तींना पत्र्याबद्दल विशेष आदर आहे, त्याचं कारण जुनं आहे. पूर्वी स्वयंपाकघरात उजेड यावा म्हणून छपरात एक प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा बसवला होता. वीस पावसाळे-उन्हाळे खाऊन तो पापडासारखा झाला होता. एकदा चेंडू काढायला चढलेल्या पोराचा पाय नेमका त्यावर पडला. खाली आत्ती भाकरी थापत होत्या. अचानक आभाळातून मांडीपर्यंत एक पाय अवतरला. आत्तींनी पिठाच्या हातांनी आधी त्याला नमस्कार केला. मग बोटांची नखं वाढलेली दिसली, तेव्हा फुंकणी घेतली. पोरगं वरच्या वाशात अडकलं होतं म्हणून वाचलं. हसून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, “आत्ती, वासा नसता तर तुमच्या चुलीतच आलं असतं. आमच्या धंद्यात माणसं कडंवरनं पडत्यात तशी असल्या पत्र्यातनं बी पडत्यात.”

म्हणून मोरीवरच्या सिमेंटच्या पत्र्यावर त्यांनी पाऊलच टाकलं नाही. त्यावर आधी लांब फळ्या टाकल्या, वजन पसरलं, आणि मग काम. जुना सिमेंटचा पत्रा म्हणजे त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू. नुसता पडून असला तर गप्प असतो, पण कापला, घासला, फोडला की त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. “हातोडीनं फोडून पोत्यात भरू की,” अण्णा म्हणाले. मिस्त्रींनी पत्रा ओला केला, तोंडाला मास्क लावून अख्खाच उतरवला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. त्या पत्र्याला भोक पाडणारी जात्याची तळी मात्र कोपऱ्यात बसून सगळं निवांत बघत होती.

नवा पत्रा कुठल्या बाजूनं बसवायला सुरुवात करायची यावरून वास्तुशास्त्र निघालं. आत्ती म्हणाल्या, पूर्वेकडून. मिस्त्री म्हणाले, बरोबर, पूर्वेकडूनच. आत्तींना वाटलं मंगळवार पेठेतही धर्म शिल्लक आहे. पण मिस्त्रींचं कारण वेगळं होतं. आपला मोठा पाऊस पश्चिमेकडून, घाटाकडून येतो. म्हणून पूर्वेकडचा पत्रा आधी, त्याच्यावर पश्चिमेकडचा चढवायचा. मग सांध्याचं तोंड वाऱ्याच्या उलट्या बाजूला राहतं, पाणी आत शिरत नाही. उलटं केलं तर वारा सांध्यात शिरून पाणी वर ढकलतो.

मी मराठीचा मास्तर. मला एकदम ‘वळचणीचं पाणी आढ्याला’ ही म्हण आठवली. अशक्य गोष्ट घडणे, असा तिचा अर्थ मी गेली पंचवीस वर्षं मुलांना सांगतोय. मिस्त्री म्हणाले, “अशक्य कशाला सर? वरखालच्या दोन पत्र्यांचा चढ सहा इंचांपेक्षा कमी ठेवा, उतार थोडका ठेवा आन् वारा सुटू द्या. वळचणीचं पाणी आढ्यापातुर न्हाई, पर तुमच्या अंथरुणापातुर येतंयच.” एका वाक्यात त्यांनी माझी म्हण आणि माझी नोकरी दोन्ही गळकी करून टाकली.

स्क्रू बसवणं ही तर गाण्यातली कला आहे. स्क्रूखाली काळं रबरी वायसर असतं. कमी आवळलं तर फट राहते, जास्त आवळलं तर रबर फुलून बाहेर येतं आणि दोन उन्हाळ्यांत फाटतं. रबर जेमतेम दबलं पाहिजे, बस्स. त्यांचा एक पोरगा जोरात होता, प्रत्येक स्क्रू कुस्तीच्या निकालासारखा आवळत होता. मिस्त्रींनी त्याच्या हातातलं मशीन काढून घेतलं. “चितपट करायचं न्हाई. नुसतं धरून ठेवायचं.” संध्याकाळी त्यांनी सगळा पत्रा मऊ झाडूनं झाडून घेतला, कारण ड्रिलचा लोखंडी कीस तिथंच राहिला तर पहिल्या पावसात गंजतो आणि नव्या रंगावर देवी आल्यासारखे डाग पडतात. कडा आणि कोपऱ्यांना स्क्रू जवळजवळ लावले, कारण वाऱ्याचा दात आधी तिथंच लागतो. कन्येनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला एकच पत्रा उरला होता. अण्णा म्हणाले, लावून टाका, किती वेळ लागतोय. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. झुळूकच, तिनं आबांची टोपीसुद्धा हलली नसती. मिस्त्रींनी पत्रा खाली ठेवला, वरचे सगळे दोरानं बांधले आणि खाली उतरले. “पत्रा हातात घेऊन वाऱ्यात उभा ऱ्हायलो तर मी मिस्त्री न्हाई, पतंग.” रात्री खरोखरच वळीव आला. आम्ही सगळे उताणे पडून वर बघत होतो. बसलेल्या पत्र्यातून एक थेंब नाही. फक्त आवाज असा, की बायको काय म्हणतेय ते ऐकू येत नव्हतं. ती बराच वेळ काहीतरी म्हणत होती. पत्र्याचे फायदे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले.

नव्या पत्र्यानं पहिल्या आठवड्यात आणखी एक भानगड केली. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला वरून ‘टक्... टक्...’ आवाज. आत्तींनी भूत ठरवलं, लिंबू-मिरची झाली. कन्येनं पुन्हा वही काढली: दुपारच्या आणि रात्रीच्या पत्र्याच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक धरला तर बारा फुटी पत्रा पावणेदोन मिलिमीटरांच्या आसपास लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. तोच हा आवाज. दिवसभर ताठ उभं राहून रात्री पाठ टेकताना आबांच्या गुडघ्यांतून येतो तसाच. म्हणूनच स्क्रू कालांतरानं सैल होतात आणि वर्षातून एकदा तपासावे लागतात. भूत गेलं, लिंबू-मिरची राहिली.

जाताना मिस्त्रींनी पैसे मोजून घेतले आणि मला गृहपाठ दिला. वर्षातून दोनदा, अक्षय तृतीयेच्या सुमाराला आणि दिवाळी झाल्यावर, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, कबुतरांची घाण धुवायची, गंजाचा ठिपका दिसला तर घासून रंग लावायचा, वायसर बघायचे. ओल्या पत्र्यावर कधीच नाही. एकट्यानं कधीच नाही. दोराशिवाय कधीच नाही. “आन् वर काही ठेवायचं न्हाई,” असं आबांकडे बघत म्हणाले. वजनाखाली पाणी साचतं, ओलसर राहतं आणि पत्रा तिथूनच कुजतो.

आबांनी सात दगड, तळी आणि पाटा अंगणात ओळीनं मांडून ठेवले. चार दिवस ते त्यांच्याभोवती, रिटायर झालेल्या सहकाऱ्यांच्या घोळक्यात फिरावं तसे फिरत होते. टायर भंगारवाल्यानं नेले. आमचा पत्ता मात्र कायमचा गेला. सिलिंडरवाला दोनदा चुकून अण्णांकडे गेला.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पन्हळ साफ करायला शिडी लावली. अंगणातल्या फरशीवर शिडीचा पाय सरकत होता. मी इकडेतिकडे बघतोय तोवर आबा उठले. जोत्याचा दगड त्यांनी स्वतः ढकलत आणून शिडीच्या डाव्या पायाला लावला, लग्नाच्या वर्षीचा उजव्या पायाला. मग पाट्यावर बैठक मारून दोन्ही हातांनी शिडी धरली. शिडी जमिनीत रुजल्यासारखी घट्ट झाली.

“बगा,” आबा म्हणाले, “दगुड लागतोयच.”

मी हसत चढू लागलो. सातव्या पायरीवर पोचलो, पन्हळीला हात घातला, आणि खालून त्यांचा खासबागेत कमावलेला आवाज आला. बोळातल्या खिडक्या उघडल्या. कट्ट्यावरची पोरं वळून बघायला लागली. समोरच्या वैनी कपडे वाळत घालता घालता थांबल्या.

“आरं ए, लंगोट बांधलायस का?”

सगळी शिवाजी पेठ माझ्याकडे बघत होती. मी एका हातानं शिडी धरली आणि दुसऱ्या हातानं पाठीमागचा दोर उंच करून दाखवला.